ज्या सुगीत फोन लागत नव्हता

ज्वारीचं पान कडेनं वाळत येतं. आधी टोक, मग कड, शेवटी मधली शीर. शीर पिवळी पडली की रान वाजायला लागतं. हिरव्या रानाचा वाऱ्यातला आवाज वेगळा, वाळल्या रानाचा वेगळा. यंदा माघ लागला आणि आमच्या वळसंगच्या रानात तो वाळका आवाज सुरू झाला. मी बांधावर जाऊन उभी राहिले. लोकांना वाटलं, म्हातारी पीक बघायला आली. मी पीक बघत नव्हते. मला तो आवाज आता सोसत नाही. सोसत नाही म्हणून घरात बसून राहणंही मला जमत नाही. म्हणून उभी राहिले.

पूर्वी आवडायचा. आमच्याकडं रब्बीची ज्वारी कापत नाहीत, उपटतात. दोन्ही हातांनी ताट बुडाशी धरायचं, कमरेतनं मागं झुकायचं आणि एक हिसका द्यायचा. भेगाळलेल्या काळ्या मातीतनं मूळ सुटताना फटकन वाजतं. आठ-दहा बायका ओळीनं पुढं सरकत असल्या की हा फटफट आवाज रानभर चालतो आणि त्यावर बायकांच्या गप्पा. तळहाताला फडकं गुंडाळलं तरी पान कापतंच. कणसांची खाजरी कूस मानेवरनं पाठीत उतरते, आणि संध्याकाळी अंगावर पाणी घेतलं की सगळं अंग पेटतं. चौथीपर्यंत शाळेत जे पाठ केलं त्यातलं काही उरलं नाही. हे उरलं.

ही गोष्ट दोन सुग्यांपूर्वीची. घरात आम्ही तिघं. मुलगा बिरू सोलापुरात एका शाळेवर मास्तर आहे. सून कांता अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात शिलाई मारते. सकाळी दोघं एकाच मोटारसायकलवर निघतात, तो तिला वाटेत सोडतो. बिरू वर्गात फोन बंद ठेवतो आणि कांताला यंत्रांच्या खडखडाटात ऐकू येत नाही. त्यामुळं आमच्या घरातला हमखास उचलला जाणारा फोन एकच, तो माझा. बटणांचा आहे. कमरेच्या पिशवीत सुपारीशेजारी असतो. नात अंकिता जॉर्जियाला डॉक्टरकी शिकायला गेली, तेव्हा तिनं तिथल्या मैत्रिणीलाही हाच नंबर देऊन ठेवला. "आजी उचलतीच," म्हणाली. मैत्रीण म्हणजे सायली, अकलूजची. दोघी एका खोलीत राहतात.

जॉर्जिया हा टीचभर देश आहे. बिरूनं शाळेतला नकाशा आणून मला दाखवला होता. चार बाजूंना चार शेजारी देश. मी म्हणाले, आपल्या रानासारखंच आहे, चारी बांधांवर दुसऱ्याचं रान. बिरू म्हणाला, आई, तसंच काहीसं.

त्या वर्षी परीक्षा संपून पोरांना सुट्टी लागली होती. सकाळी बिरू गाडीला किक मारायच्या बेतात, कांता डबा पिशवीत कोंबतेय, आणि तिच्या फोनवर अंकी दिसायला लागली. तोंडाभोवती मफलर, मागं बॅगा, पोरापोरींचा गोंधळ.

"आजी, आमी फिरायला चाललोय. सगळी आपली मराठी पोरं."

"तितं शिकायला गेलीयास की."

"शिकून दमलो की गं. शेजारच्या देशात चाललोय. हितनं गाडीनं जाता येतं, आपण विजापूरला जातो तसं."

कांतानं तोंड उघडलं. "अगं, पण कुटं..."

"कांता!" बिरू गाडीवरनंच ओरडला. "निघताना विचारू नये."

अंकी हसायला लागली. "बाबा, तुमी मास्तर ना? मला हितं पाठवलं तवा तर सगळं विचारत होता."

"तेव्हा तू निघाली नव्हतीस. तेव्हा आपण ठरवत होतो. निघालेल्या माणसाला विचारत नाहीत."

"बरं, न्हाय सांगत. परवा संध्याकाळी परत. शीव ओलांडली की हितलं कार्ड बंद पडतं, त्यामुळं फोन लागणार न्हाय. हॉटेलात इंटरनेट घावलं तर मेसेज टाकते."

तेवढ्यात सायलीनं मधे डोकं घातलं. "आजी, तुमची नात लई घोरती."

"तिचा आजाबी घोरायचा," मी म्हणाले. "त्याच्या घोरण्यानं मेंढरांकडं लांडगा फिरकत नव्हता. तू सुखात हायस म्हण."

सगळे हसले. फोन बंद झाला. बिरूनं किक मारली. मी रानात गेले.

आमच्याकडं माणूस घराबाहेर पडताना त्याला कुठं चाललास असं विचारत नाहीत. विचारलं तर काम होत नाही म्हणतात. फारच गरज पडली तर "लांब का?" एवढं म्हणायचं. माझ्या सासरी हे फार कडक होतं. वळसंगला आम्ही नंतर आलो. सासर सांगोल्याकडचं, मेंढरं घेऊन आठ-आठ महिने फिरणारं. दिवाळी झाली की कळप निघायचे. कोण कोणत्या वाटेनं जाणार हे पुरुष आपसांत ठरवायचे, पण निघायच्या दिवशी बाई दारात उभी असेल तर तिनं विचारायचं नाही आणि त्यानं सांगायचं नाही. तेव्हा त्यात तसा त्रास नव्हता. जायच्या जागा चार. विहीर, बाजार, रान आणि लांब. त्यातली कुठली, ते हातात काय घेतलंय त्यावरनं कळायचं. घोंगडं आणि काठी घेतली की लांब.

एका वर्षी बिरू पोटात होता, म्हणून मी कळपाबरोबर गेले नाही, घरी राहिले. आषाढ लागला. कळप परत आला. सगळी माणसं आली, माझा नवरा आला नाही. सासरा म्हणाला, एक मेंढी आजारी होती, तिला घेऊन मागं थांबलाय, येईल. मी रोज भाकऱ्या थापताना एक जास्त थापायची आणि दुसऱ्या दिवशी शिळी खायची. एका दुपारी तो आला. खांद्यावर मेंढी, पाय सुजलेले, दाढी वाढलेली. आला म्हणजे काम झालं, आता कशाला विचारायचं, असं घरातल्या सगळ्यांना वाटलं, मलाही वाटलं. तो पुढं चाळीस वर्षं जगला, पण त्या दिवसांत तो कुठं होता हे मला कधी कळलं नाही. मला ते कळायला हवं होतं का? तेव्हा नको वाटलं. अंकीच्या त्या सुगीत बांधावर बसून मला पहिल्यांदा त्याचा राग आला. मेलेल्या माणसाचा राग येऊन उपयोग नसतो, पण आला.

पहिल्या दिवशी संध्याकाळी अंकीचा मेसेज आला, "पोचलो, थंडी लई हाय." एवढाच. कांतानं तो दहा वेळा वाचला, जणू वाचून लांबणार होता. दुसऱ्या दिवशी काही नाही. ज्या संध्याकाळी परत येणार होती, त्या संध्याकाळीही काही नाही. बिरू म्हणाला, दमून झोपली असेल. मी म्हणाले, असेल. भाकरी खाताना टीव्ही चालू होता. बातम्यांच्या खाली पट्टी धावते ना, ती मला वाचता येते, पण हळू. मी पहिला शब्द लावेपर्यंत शेवटचा निघून जातो. म्हणून मी पट्टीकडं बघत नव्हते, बिरूकडं बघत होते. त्याच्या हातातला घास तिथंच राहिला.

डोंगरातल्या एका रस्त्यावर बर्फ कोसळलं होतं. दोन देशांच्या शिवेजवळ. गाड्या अडकल्या होत्या, त्यात भारतातून डॉक्टरकी शिकायला गेलेली पोरं असल्याचं कळतंय, असं लिहून येत होतं. नावं नाहीत.

कांता म्हणाली, "आपली अंकी त्याच बाजूला गेलीय, की दुसऱ्या?"

आम्ही तिघं एकमेकांकडं बघत राहिलो. हे विचारायचं राहिलं नव्हतं. हे न विचारायचं आमच्या घरात ठरलेलं होतं.

बिरूनं तिथल्या एका पोराला फोन लावला, जो सहलीला गेला नव्हता. पोरगा म्हणाला, सर, सुट्टीत दोन घोळके गेलेत. एक समुद्राच्या कडेनं तुर्कस्तानात, एक डोंगरातनं आर्मेनियात. अंकिता कोणत्यात आहे मला माहीत नाही, ऐनवेळी बदलाबदली झाली. बिरूनं शाळेचा नकाशा पुन्हा काढला आणि जमिनीवर पसरला. समुद्राच्या बाजूला बर्फाचं काही नव्हतं. डोंगराच्या बाजूला होतं. शिकलेला माणूस, रोज चाळीस पोरांना भूगोल सांगतो, आणि नकाशावर दोन बोटं दोन ठिकाणी ठेवून बसला होता. कांता त्याला बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

सकाळी मी रानात गेले. कांता म्हणाली, "आत्या, आजसुदिक?" काढणीला बायका मिळत नाहीत. मिळाल्या त्या सोडल्या तर पुन्हा येत नाहीत, आणि ज्वारी उभी राहिली की भोरड्या उतरतात. हजारोंनी येतात. काळी डोकी, गुलाबी पोटं, एक थवा बसला की कणसांचं बुसकट होतं. हे मी तिला सांगितलं. खरं कारण हे की घरात टीव्ही होता आणि रानात नव्हता. ती दोघंही त्याच कारणानं कामावर गेली.

बायकांत पुढं मल्लव्वा असते. तिचं माहेर कर्नाटकातलं, अर्धं कानडी अर्धं मराठी बोलते आणि दोन्हींत भांडते. मी उपटायला माझ्या ओळीची पात धरली तशी तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं.

"एनातव्वा? काय झालं? तोंड का असं?"

मी सांगितलं. ती थांबली नाही, तिचे हात चालतच राहिले. दोन ताटं उपटून झाल्यावर म्हणाली, "एवढ्या लांब पोर पाठवतीस आन् विचारत न्हाईस? माझी म्हैस वेशीबाहेर गेली तरी मी चार जणांस्नी विचारते."

"म्हशीला विचारतीस का, कुटं चाललीस म्हणून?"

"म्हशीला काय विचारू? ती परत येती."

मग तिला वाटलं असावं, हे बोलायला नको होतं. तिनं आपली पात सोडून माझ्या पातीतली अर्धी ताटं उपटली. मी नको म्हणाले नाही.

उन्हं वर आल्यावर फोन वाजला. पिशवीची गाठ सुटेना. सुटली. एका बाईचा आवाज होता, गोड, सावकाश. आपल्या फोनवर आवडीचं गाणं लावण्यासाठी एक दाबा. मी तिला काय बोलले ते सांगत नाही. बायका हसल्या. मीही हसले असेन.

पुन्हा वाजला.

"हॅलो, अंकिताच्या आजी का? मी सायलीची आई बोलतीय, अकलूजवरनं. सायलीनं तुमचा नंबर दिलता मागं."

"बोल."

"मावशी, तुमाला ठावं हाय का, पोरी कंच्या बाजूला गेल्यात?"

"न्हाय. मला वाटलं तुला ठावं असंल."

"मला कुटलं? मी इचारणारच हुते, मालक म्हनले निघताना इचारू नको."

 आमचं कोरडं रान, तिकडं कॅनॉलचं पाणी, साखर कारखाने, सिमेंटची घरं. पण भीती दोन्हीकडं एकच वापरतात. ती म्हणाली, तिचं नाव रतन. म्हणाली, घरात माणसं जमायला लागलीत आणि तिला ते बघवत नाही. मग तिनं मला एक मागितलं. "मावशी, जिची पोरगी आदी बोलंल तिनं दुसरीला लगीच सांगायचं. बरं असू दे, वंगाळ असू दे. आमची मानसं मला कायबी सांगनार न्हाईत. तुमी सांगा."

"सांगते."

"शबूद?"

"शब्द."

तो दिवस गेला. दुसरा उजाडला. मला आठवतं ते असं, तुकड्या-तुकड्यांत. ढेकळं तापल्याचा वास. उपटलेल्या ताटांच्या मुळांना चिकटलेली माती झटकताना डोळ्यांत जाणारी धूळ. पेंढ्या बांधताना मल्लव्वाचं तोंडातल्या तोंडात पुटपुटणं, तिच्या देवाला काहीतरी कबूल करणं. माझा हात सारखा पिशवीकडं जात होता. वाजला नसताना वाजल्यासारखं व्हायचं. रानाचा तो वाळका आवाज फोनच्या आवाजासारखा नाही, अजिबात नाही, पण दोन दिवस मला तो तसाच ऐकू येत होता. म्हणून मला तो आता सोसत नाही.

आणि एक. मेंढरांच्या काळात बातमी नव्हती. माणूस येईपर्यंत तो जिवंतच असायचा. आता बातमी येते, पण अर्धी येते. बर्फ पडलं हे येतं, कुणावर पडलं ते येत नाही. उरलेली अर्धी आपणच रचत बसतो, आणि आपल्याला चांगलं रचता येत नाही.

दुपारी भाकरी सोडली होती. फोन वाजला, त्यावर भलामोठा नंबर.

"आजी."

मला पहिल्यांदा आवाज ओळखता आला नाही, घसा बसलेला होता.

"कोण?"

"आजी, मी. अंकी. मी बरी हाय."

"हातपाय?"

"हायेत गं. सगळं हाय. दोन दिवस हितं लाईट न्हवती, फोन न्हवता. एका दुकानदाराच्या फोनवरनं बोलतीय. आईबाबांचा लागंना." मग ती रडायला लागली. "आजी, आमची गाडी पुढं होती. सायलीची मागं. आमी निसटलो आन् मागं बर्फ पडलं. त्यांची गाडी आलीच न्हाय. रस्ता बंद केलाय. हितं कुणी काय सांगंना."

"तू त्या बाजूला जायचं न्हाय."

"सायली..."

"तू जायचं न्हाय. ऐकलंस?"

"व्हय."

फोन कट झाला. मी ढेकळावर बसले. मला आनंद झाला होता. तो सायलीचं नाव ऐकल्यावरही गेला नाही. तो तसाच राहिला आणि त्याच्या वर दुसरं काहीतरी येऊन बसलं. दोन्ही एकदम छातीत असतात तेव्हा श्वास कुठनं घ्यायचा ते कळत नाही. मल्लव्वानं तांब्या पुढं केला. मी पाणी पिऊन बिरूच्या शाळेत फोन लावला, शिपायाला सांगून त्याला वर्गातनं बाहेर बोलावलं.

तो आधी रडला. मास्तर झाला तरी माझाच आहे. मग म्हणाला, "आई, अकलूजला एवढ्यात कळवू नको."

"का?"

"अजून नक्की काही नाही. एखादे वेळी गाडी मागं वळवली असेल. उगीच त्या माउलीला घाबरवायचं. एक दिवस थांबू."

"मी शब्द दिलाय."

"अशा वेळी शब्द काय धरून बसायचा? तिच्या जिवाला काही झालं तर?"

"न सांगितल्यानं तिच्या पोरीला काय व्हायचं राहणार हाय का?"

 मी बटण दाबून फोन ठेवला आणि रतनचा नंबर लावला. पहिल्या वाजण्यातच तिनं उचलला.

"मावशी, बोलली का तुमची?"

"बोलली."

 पलीकडं मागं माणसं बोलत होती, भांडी वाजत होती.

"आन् माझी?"

"तुझीची गाडी मागं राहिलीय. मधे बर्फ पडलंय. तुझीचं अजून कळलं न्हाय. मेली असं कुणी म्हणत न्हाय आन् जिवंत हाय असंबी कुणी म्हणत न्हाय. मला एवढंच ठावं हाय."

"बरं केलंसा सांगितलंसा," ती म्हणाली आणि ठेवला.

मी परत पातीला आले. ताट धरलं. हिसका देता येईना. धरून उभी राहिले. वीस-पंचवीस वर्षांची बाई माझ्या शेजारनं पुढं निघून गेली, आणि मी तिथंच. तिनं "बरं केलंसा" म्हटलं नसतं, शिव्या दिल्या असत्या, तर मी दिवस मावळेपर्यंत ज्वारी उपटली असती.

"मल्लव्वा, रान तू बघ."

"आन् तू?"

"अकलूजला जाते."

"सुगी टाकून? त्या बाईला बघितलीयास का कधी?"

"न्हाय."

"मग?"

"मग काय? माझी बोलली."

मल्लव्वानं मान हलवली. "जा. भोरड्या आल्या तर मला बोलू नको."

लुगडं बदलायला घरी गेले, वळसंगच्या फाट्यावरनं सोलापूरची गाडी धरली, स्टँडवर दुसरी. आमच्याकडं कुणी निघालेल्याला विचारत नाही, पण कंडक्टर विचारतो. "आजी, कुठं?" मी म्हणाले, "अकलूज." त्यानं तिकीट फाडलं. कंडक्टरला चालतं. रोज हजार माणसांना विचारतो आणि गाडी पोचतेच.

पंढरपूर मागं पडलं तसा मुलूख बदलला. आमचं पिवळं-करडं रान संपलं आणि दोन्ही बाजूंना ऊस. कारखान्यांचा हंगाम होता. उसाच्या ट्रॉल्या रस्ताभर, खिडकीतनं मळीचा आंबूस वास. एवढं हिरवं बघून मला बरं वाटायला हवं होतं. मला वाटलं, ह्या उसात काही दिसत नाही. ज्वारीत माणूस उभा असला तर त्याचं मुंडासं तरी दिसतं.

रतनच्या अंगणात खुर्च्या टाकून पुरुष बसले होते. प्रत्येकाच्या हातात फोन, आणि कुणाच्याही फोनवर काही नाही. आत बायका. एकीनं विचारलं, तुम्ही कोण. मी सांगितलं, अंकिताची आजी. सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या.

"तुमची वाचली न्हवं?" ती म्हणाली.

"व्हय."

"बरं हाय तुमचं."

तिला जे म्हणायचं होतं ते बरोबर होतं. मी विचारलं, "रतन कुटं हाय?"

"मागं. गोठ्यात. ऐकत न्हाय कुणाचं."

गोठ्यात आठ-दहा गाई. रतन एका गाईखाली बसली होती. चाळिशीची, अंगानं आडवी, पदर कमरेला खोचलेला. तिनं वर बघितलं. आम्ही एकमेकींना कधी बघितलं नव्हतं, तरी तिनं विचारलं नाही.

"आलासा?"

"आले."

"बसा."

"बसायला न्हाय आले. दुसरी बादली दे."

धार काढायचं यंत्र होतं त्यांच्याकडं, भिंतीला टांगलेलं. ती म्हणाली, हातानं काढली की डोकं गप ऱ्हातं. मी आयुष्यभर मेंढ्या-शेळ्यांखाली बसले, गाय मला नवीन. गाईनं आधी मागं वळून बघितलं, मग सोसून घेतलं.  संध्याकाळची डेअरीची गाडी आली, दूध घेऊन गेली. रात्र मी तिच्याशेजारी काढली. तिनं एकदाच विचारलं, "मावशी, तुमची बोलली तवा पयलं काय म्हनली?" मी म्हणाले, "आजी म्हणाली." तिनं कूस बदलली.

पहाटे पुन्हा गोठा. थंडी होती, गाईंच्या तोंडातनं वाफ निघत होती. रतनचा फोन पालथ्या टोपलीवर ठेवलेला. तो थरथरायला लागला. उजेड पडला. भलामोठा नंबर.

रतननं बघितलं. तिचे हात आचळांवरनं सुटेनात.

"मावशी, तुमी घ्या."

"तुझा हाय."

"घ्या. माझ्यानं न्हाय हुत."

मी उचलला. त्याला बटणं नव्हती. मी बोट दाबलं, काही नाही. घासलं, काही नाही. बोटाला दूध लागलेलं. तो वाजतच होता. अंगणातनं माणसं उठल्याचा आवाज आला. मी बोट लुगड्याला पुसलं, पुन्हा घासलं. त्या काचेला माझं बोट बोट वाटतच नव्हतं. दोन्ही हात पुसले, टोपलीवर टेकवून जोरात ओढलं आणि वाजायचं थांबलं. मला वाटलं, तुटला. आता सगळं माझ्या बोटानं तुटलं.

मग आतनं बारीक आवाज आला. "आई?"

मी वाकून फोन रतनच्या कानाला लावला. शांत पहाट, मलाही ऐकू येत होतं.

"आई, आमी बरी हाय. सगळी. गाडी मागं फिरवली हुती, एका गावात एकांच्या घरात हुतो. आई? आई, बोल की."

रतनचे हात तेवढे चालत होते. बादलीत धार पडत होती.

पलीकडं तिला ती धार ऐकू गेली असावी. मग सायली म्हणाली, "आई, धार काढतीयास व्हय?"

"व्हय," रतन म्हणाली.

"कंची? तांबडी?"

"तांबडी."

"तिच्याखाली जपून बस. लाथ मारती."

"व्हय."

दारात माणसं येऊन थांबली होती. मी हातानं त्यांना तिथंच थांबवलं. माझा खांदा भरून आला, पण मी फोन हलवला नाही. तांबडीचं दूध केव्हाच संपलं होतं. आचळांतनं थेंब येत नव्हता. रतन तरीही ओढत होती, आणि ती गाय पाय न हलवता उभी होती.